दोन्ही समुद्र दिसणारी खोली

काकूंच्या घरात रविवारी सकाळी दहा वाजता देवघरातली घंटा वाजायची आणि आम्हा भाडेकरूंना समुद्रावर हाकलून दिलं जायचं. कळव्यात समुद्र नाही, ही आमची अडचण होती, काकूंची नव्हे.

"काकू, बाहेर पाऊस आहे," आमच्यातला साताऱ्याचा जिन्यावरून म्हणायचा. तो बँकेत होता आणि रविवारी दुपारची झोप हा आपला घटनादत्त अधिकार आहे असं मानायचा.

"मग? तिकडे काय ऊन असतं? छत्री घे."

"काकू, तिकडे समुद्र आहे."

"तुला खाडी दिली आहे ना? चल, निघ. पाचच्या आत दाराशी दिसायचं नाही."

कळव्यात त्या काळी 'तिकडे' म्हटलं की कुणाला रत्नागिरी आठवे, कुणाला दुबई. काकूंचं तिकडे एकच होतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं स्कारबरो नावाचं गाव. तिथल्या घरमालकिणी सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना न्याहारी देऊन घराबाहेर काढतात आणि संध्याकाळपर्यंत आत घेत नाहीत. पाहुणे पावसात रेनकोट घालून बाकावर बसतात आणि हवा छान आहे म्हणतात. काकूही घरमालकीण होत्या, त्यांच्याकडेही वरखाली मिळून चार भाडेकरू होते, तेव्हा हा नियम आम्हाला लागू होणं त्यांना अगदी स्वाभाविक वाटे. मग आम्ही चौघं चालत कळवा पूल ओलांडून ठाण्यात जायचो. तलावपाळीला दोन फेऱ्या, एखादा मॅटिनी, वर्तकनगरात कुणाची तरी लांबची आत्या. साताऱ्याचा एका मारुतीच्या देवळात खांबाला टेकून झोपायचा. तिथल्या पुजाऱ्याला तो कित्येक महिने अतिशय भाविक माणूस वाटत होता.

काकूंनी स्कारबरो पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी पुण्याच्या पलीकडे काहीच पाहिलेलं नव्हतं. साठीच्या घरातली, ठेंगणी, पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा घालणारी बाई. खाडीच्या काठाला त्यांचं कौलारू, एक मजली घर. घराला नाव 'सागरदर्शन'. खिडकीत एक पाटी टांगलेली असायची. एका बाजूला 'जागा आहे', दुसऱ्या बाजूला 'जागा नाही'. मी पहिल्यांदा त्या दारात उभा राहिलो तेव्हा पाटी 'जागा नाही' म्हणत होती. काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, विचारलं, "घोरतोस?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्यादेखत पाटी उलटी केली, मला आत घेतलं आणि परत सुलटी केली. सगळं कसं रीतसर.

मला मिळाली माडीवरची खोली. तिला दोन खिडक्या, समोरासमोर. एकीतून खाडी दिसे. दुसरीतून घराच्या मागचं खाजण, म्हणजे चिखल, तिवरांची झुडपं आणि ओहोटीच्या वेळी येणारा असा वास की नवा माणूस जेवण अर्धं टाकून उठे. मी दुसऱ्याच दिवशी ती मागची खिडकी बंद करून फटींत पुठ्ठे कोंबले. काकू नुसत्या त्या पुठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. एखाद्यानं देवाच्या तसबिरीवर ओला टॉवेल वाळत घालावा आणि आपण पाहुणा म्हणून गप्प बसावं, तसा चेहरा.

रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे खाली एकत्र बसायचो आणि वरणभाताबरोबर आम्हाला स्कारबरो वाढलं जायचं. काकूंची इतिहास सांगायची तऱ्हा अजब होती. त्यांच्या गावात सगळी शतकं एकदम चालू असत. सोमवारी एक फाटक्या ओठाचा दर्यावर्दी उत्तरेकडून होडी घेऊन यायचा आणि गावाला त्याच्या टोपणनावाचं नाव पडायचं. मंगळवारी एका बाईला कड्याखालच्या झऱ्याचे दगड तांबूस दिसायचे, ती पाणी चाखायची, तिला बरं वाटायचं आणि बुधवारपासून अख्ख्या इंग्लंडातल्या पोट बिघडलेल्या उमरावांची रीघ लागायची. गुरुवारी सकाळी धुक्यातून जर्मन जहाजं येऊन गावावर तोफा डागायची. "लोक न्याहारीला बसलेत रे," काकू कळवळून सांगायच्या, "आणि इकडे भिंत कोसळतेय." आम्हीही घास तोंडाशी धरून थांबायचो.

त्यांना सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे चाकांवरच्या कोठड्या. जुन्या काळी तिथल्या बायका अंघोळीला समुद्रावर जात तेव्हा एका लाकडी कोठडीत शिरत. घोडा ती कोठडी ओढून पाण्यात नेई. बाई आतल्या आत कपडे बदलून पलीकडच्या दारानं थेट समुद्रात उतरे. कुणाला पायाचा अंगठासुद्धा दिसत नसे. "नाशिकला गोदेवर असं काहीतरी करायला हवं," काकू म्हणायच्या. आपण नगरपालिकेला कळवणार आहोत असंही म्हणायच्या.

एकदाच त्या अडचणीत आलेल्या मी पाहिल्या. कड्यावरच्या मोठ्या हॉटेलाचं वर्णन चाललं होतं. ते म्हणे वर्षाच्या मापानं बांधलेलं. ऋतूंचे चार मनोरे, महिन्यांचे बारा मजले, आठवड्यांइतकी धुराडी आणि दिवसांइतक्या खोल्या. साताऱ्याच्यानं भात कालवत शांतपणे विचारलं, "आणि काकू, अधिक महिना आला की?"

काकू थबकल्या. तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ताक वाढता वाढता त्या आपणहून म्हणाल्या, "तळघर असणार. एवढे हुशार लोक, त्यांनी सोय केली असेलच."

दारावर येणाऱ्या कोळणीलाही सुटका नव्हती. ती सकाळी पाटी उतरवून बसली की बोंबील निवडता निवडता काकू तिला तिकडच्या मासळीच्या मोसमाची हकिकत सांगायच्या.

"तुज्या त्या गावान कोलनी हायेत का गो?" तिनं एकदा विचारलं.

"आहेत तर. स्कॉटलंडहून येतात. बोटी किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकतात, तशा या गाडीनं मागोमाग. दिवसभर उभ्यानं हेरिंग मासे चिरतात. बोटांना चिंध्या बांधून."

"चिंद्या कशाला?"

"सुरी लागू नये म्हणून."

कोळणीनं त्यावर क्षणभर विचार केला. पाटी डोक्यावर घेतली. "म्हंजे नवशिक्या," ती म्हणाली आणि गेली. काकूंनी हे मत मनावर घेतलं नाही, पण त्यानंतर महिनाभर तिच्याकडून मासळी घेतली नाही.

हे सगळं आलं कुठून, तर काकूंच्या यजमानांकडून. मी राहायला आलो तेव्हा ते भिंतीवरच्या फोटोत गेलेले होते. अरुंद खांद्यांचे, मवाळ डोळ्यांचे गृहस्थ. ठाण्यातल्या एका लोकरीच्या गिरणीत ते यंत्रांवर होते आणि लग्नाला वर्ष होतं न होतं तोच गिरणीनं त्यांना काम शिकायला यॉर्कशायरला पाठवलं. उन्हाळ्यात काकूंनी बोटीनं तिकडे जायचं ठरलं. तिकडच्या गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद पडत आणि अख्खा गाव, मुकादमापासून झाडूवाल्यापर्यंत, एकाच वेळी समुद्रावर जाई. त्या आठवड्यासाठी यजमानांनी स्कारबरोला दोघांची खोली ठरवली. काकूंनी लोकरीचा कोट शिवून घेतला. आणि सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला.

"मग कसली जातेय मी," काकू सांगायच्या. "हे एकटे गेले. खोली ठरवलेली होती ना."

ती खोली मात्र आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. चढावरचं पिवळं घर, सगळ्यात वरचा मजला. स्कारबरोला दोन समुद्र आहेत, एक दक्षिणेचा, एक उत्तरेचा. मधे जमिनीचं नाक पुढे आलेलं. त्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आणि एकीतून एक समुद्र, दुसरीतून दुसरा. मधे पलंग. "एका कुशीवर वळलं की हा, दुसऱ्या कुशीवर वळलं की तो," काकू हातानं दाखवायच्या. यजमान वर्षभर परदेशात राहून आले, पण यंत्रांबद्दल, माणसांबद्दल, थंडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. बोलले ते या गावाबद्दल. रोज जेवणं झाली की दोघं पायरीवर बसत आणि यजमान त्यांना हात धरून नेल्यासारखे स्टेशनापासून त्या खोलीपर्यंत नेत. वीस-बावीस वर्षं.

एका रविवारी मला ताप भरला. आजारी पाहुण्याची सोय तिकडच्या नियमांत नसावी, कारण काकू बराच वेळ अस्वस्थपणे जिन्यावर वरखाली करत होत्या. शेवटी मला राहू दिलं. दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला त्या खोलीत आल्या. अंगावर इरकली साडी, केसांत अबोली. मला वाटलं तापात भास होतोय.

"भिंतीकडे तोंड करून झोप," त्या म्हणाल्या.

मी झोपलो. मागे पुठ्ठे निघाल्याचा आवाज आला, मग कडी, मग कुरकुरत उघडलेली खिडकी. मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं मी चोरून मान वळवली. काकू खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. खाडी काठोकाठ भरली होती आणि मागच्या खिडकीत जिथे एरवी चिखल असे, तिथे तिवरांचे शेंडे तेवढे वर ठेवून पाणी चकाकत होतं. छतावर दोन्हीकडून उजेडाच्या लाटा आल्या होत्या आणि मधे एकमेकींत मिसळत होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "भिंत," एवढंच म्हणाल्या. मी भिंतीकडे वळलो. ताप उतरल्यावर पाहिलं तर पुठ्ठे जागच्या जागी होते आणि काकू नेहमीसारख्या साताऱ्याच्याला मीठ मागितलं म्हणून बोलत होत्या. तिकडच्या घरमालकिणी म्हणे टेबलावरची मीठदाणी वापरण्याचेही वेगळे पैसे लावतात.

पुढे माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला राहायला गेलो. तरी महिन्यातून एखाद्या रविवारी कळव्याला जायचो. अर्थात पाचनंतर. साताऱ्याचा खोली सोडून गेला, दुसरी मुलं आली. नव्वदनंतर त्या बाजूला भराव पडायला लागला. ट्रकमागून ट्रक येऊन खाजणात माती-डबर ओतायचे. काकू मागच्या दारात उभ्या राहून बघायच्या. त्या पाण्याच्या जागी आधी मैदान झालं, मग खांब उभे राहिले, मग सात मजल्यांची इमारत. माडीवरच्या मागच्या खिडकीसमोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा पंखा फिरायला लागला आणि खोलीत खाडीच्या वासाऐवजी फोडणीचा वास यायला लागला. काकूंच्या जेवणावेळच्या गोष्टी कमी झाल्या. मुलांनी विचारलं तर, "आहे तिथेच आहे ते गाव, कुठे जातंय," म्हणायच्या.

त्याच सुमारास कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. यॉर्कशायरमध्येच. मी पेढे घेऊन काकूंकडे गेलो.

"काकू, तुम्हीच चला. मी सगळी व्यवस्था करतो."

"मी कशाला? मला सगळं माहीत आहे." पेढ्याचा तुकडा त्यांनी बराच वेळ तसाच हातात धरला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू एक कर. ती खोली बघून ये. मालकीण वेगळी असेल, रंग बदलला असेल. पण दोन्ही समुद्र दिसतात का ते आत जाऊन, पलंगाशी उभं राहून बघ. विचारलंस तर जाऊ देतील. तिकडची माणसं सभ्य असतात."

"आणायचं काय तुमच्यासाठी?"

"काही नको. तेवढं बघून ये."

एका शनिवारी मी स्कारबरोच्या स्टेशनावर उतरलो आणि खिशातला नकाशा बाहेर काढायची मला गरज पडली नाही. उतार कुठे लागणार, वळल्यावर बंदर कुठे दिसणार, दीपस्तंभ कुठल्या हाताला, वाळूवर पोरांना पाठीवर घेऊन फिरणारी गाढवं कुठे उभी असणार, सगळं पायांना ठाऊक होतं. वर्षाच्या मापाचं ते हॉटेल कड्यावर उभं होतं. पाऊस भुरभुरत होता आणि खरंच सांगतो, रेनकोट घातलेली चार म्हातारी माणसं बाकावर ओळीनं बसून समुद्राकडे बघत होती. मला रविवारच्या कळव्याची इतकी आठवण आली की मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांतल्या एक आजीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की हवा आज छान आहे.

मग मी चढावरच्या एकेका घराची घंटा वाजवत सुटलो. दोन्ही समुद्र दिसणारी वरची खोली आहे का? कुणी नाही म्हणालं, कुणी हसलं. शेवटी एक जाडजूड घरमालकीण एप्रनला हात पुसत बाहेर आली. तिनं माझं बोलणं नीट ऐकून घेतलं, मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं आणि दोन्ही समुद्रांच्या मधोमध उभा असलेला किल्ल्याचा उंच डोंगर दाखवला. "तो मधे आहे ना, बाळा," ती म्हणाली. "या गल्ल्यांतल्या कुठल्याच घरातून दोन्ही दिसायचे नाहीत. दोन्ही बघायचे तर तिथे वर जा. नाहीतर सीगल हो."

मी वर गेलो. दोन्ही दिसले. डावीकडे एक, उजवीकडे एक, राखाडी, अफाट. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. तिथे घर नव्हतं, पडके तट होते आणि गवत. मी तिथे उभा राहून फक्त एकच विचार करत होतो. कळव्याला जाऊन काय सांगायचं?

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच काकूंनी मला पाचच्या आधी घरात घेतलं. बाकीची मुलं बाहेर काढलेलीच होती. आम्ही माडीवर बसलो. मागची खिडकी बंद होती, तिच्यापलीकडे कुणीतरी कांदा परतत होतं.

"बघितलीस?"

मी खोटं बोलायचं पक्कं ठरवून गेलो होतो. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की ते जमलं नाही. मी डोंगराचं सांगितलं. कुठल्याही घरातून दिसत नाहीत म्हणालो. फक्त वरून दिसतात, तिथे कुणी राहत नाही.

काकू खालमानेनं पदराचा काठ सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"हे आले त्याच वर्षी मी मुंबईला एका वाचनालयात जाऊन नकाशा बघितला. मधे डोंगर काढलेला होता. तेव्हाच समजले. हे गेलेच नव्हते रे. मी आले नाही म्हणून खोली सोडून दिली, आणि बंद गिरणीच्या गावात आठवडाभर एकटे बसून राहिले असणार. मला वाईट वाटू नये म्हणून येऊन असं सांगितलं. पुढे रोज सांगायला लागायचं, आणि यांना तर काही येईना. स्टेशनातून निघायचे आणि चौकात अडकायचे. मग मीच पुस्तकं आणून वाचायला लागले. इंग्रजी कळेना तिथे शेजारच्या मास्तरांना विचारायची. हे अडकले की मी हळूच म्हणायची, तिथे उतार लागतो ना हो? की लगेच, हो हो, उतार. बंदर डाव्या हाताला असेल? हो, डाव्याच. खूश व्हायचे."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलं असेल. विचारलं नाही कधी. त्यांनीही नाही, मीही नाही." त्या उठून बंद खिडकीपाशी गेल्या. "वर्तकनगरला चांगली जागा मिळत होती, दोन खोल्या, नळाचं पाणी. यांनी हट्टानं ही घेतली. खाजणाच्या काठाला. लोकांनी वेड्यात काढलं. पहिल्या उधाणाला, भर दुपारी, मला इथे वर घेऊन आले आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. बोलले काही नाहीत. त्यानंतर उधाण चुकवलं नाही आम्ही. हे गेल्यावर वरची खोली भाड्यानं द्यावी लागली. पण रविवारी उधाण आलं तर? तुम्ही सगळे लोळत पडणार. म्हणून ती घंटा."

"आणि तिकडच्या घरमालकिणी?"

"त्याही काढतात बाहेर. ते खरं आहे. सोयीचं पडलं."

मला हसू आलं. "काकू, तुम्हाला सगळं माहीत होतं, मग मला कशाला पाठवलंत?"

बाहेरच्या पंख्याची सावली खिडकीच्या काचेवर फिरत होती.

"मला नकाशा वाचायला कुणी शिकवलंय?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, मीच चुकले असेन."

मग त्या परत खुर्चीवर येऊन टेकल्या, डोळे मिटले. "सांग," म्हणाल्या. "स्टेशनापासून."

मी सांगायला लागलो. गाडीतून उतरलो, बाहेर आलो, डावीकडे वळलो. दुकानं लागली. पुढे जरा घुटमळलो.

"तिथे उतार लागतो ना?"

"हो, उतार."

"मग बंदर. बायका हेरिंग चिरत असतील."

बंदरावर मी पाहिली होती ती आइस्क्रीमची दुकानं. "हो," मी म्हणालो. "बोटांना चिंध्या बांधून."

काकूंनी मान डोलावली. आम्ही चढाला लागलो तेव्हा खाली दाराची कडी वाजली. पाच वाजले होते. मुलं परत आली होती, आणि त्यांतला एक जण भूक लागली म्हणून ओरडत होता. काकूंनी डोळे उघडले नाहीत. तिथूनच आवाज दिला,

"थांबा रे जरा. आम्ही अजून वर पोचलेलो नाही."